उत्रोलीचे खोपडे : एका आडनावावर किती भार टाकावा?

आजचा धागा एका आडनावाचा आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

भोर शहराच्या अगदी जवळ उत्रोली नावाचे गाव आहे. सतराव्या शतकातील कागदांत त्याचे रूप ‘उत्रवळी’ असे येते. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीतील एक घराणे या गावचे, ते म्हणजे खोपडे. शिवचरित्राची जुजबी ओळख असणाऱ्यालाही या घराण्यातील एक तरी माणूस ठाऊक असतो, आणि बहुधा तो एकच ठाऊक असतो : खंडोजी खोपडे. १६५९ साली अफजलखान वाईस येऊन तळ देऊन बसला तेव्हा खानाला जाऊन मिळालेला मावळातला देशमुख.

आज समाजमाध्यमांवर या नावाचा उपयोग शिवीसारखा होतो. कोणी पक्ष बदलला, कोणी मत बदलले, की त्याला ‘खंडोजी’ म्हणायचे. इथवर ठीक. सूर्याजी पिसाळाचे नावही मराठीत असेच रुळले आहे. पण पुढची पायरी अशी की, ज्याचे आडनावच खोपडे आहे असा एखादा विशीतला मुलगा इतिहासाच्या चर्चेत दोन ओळी लिहितो आणि त्याला खाली उत्तर मिळते, ‘तुम्ही तर बोलूच नका.’ त्या मुलाने काय केले? तो एका आडनावात जन्मला. माझे मत स्पष्ट आहे. हा प्रकार असभ्य तर आहेच, शिवाय इतिहास म्हणून खोटा आहे आणि गणित म्हणूनही खोटा आहे. असभ्यतेविषयी उपदेश करण्याची मला हौस नाही. इतिहास आणि गणित मात्र नीट मांडतो.

आधी भूगोल, कारण मावळातील आडनावांचा उगम भूगोलात आहे.

सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे डोंगराच्या सोंडा उतरतात. दोन सोंडांच्या मधली नदीची घळ म्हणजे खोरे. प्रत्येक खोऱ्याचा महसूल वेगळा, घाटवाट वेगळी, डोक्यावरचा किल्ला वेगळा, आणि म्हणून देशमुखही वेगळा. हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर, कानद खोऱ्यात मरळ. रोहिडा किल्ल्याच्या छायेतले ते रोहिडखोरे. तिथे एकाच देशमुखीवर दोन घराण्यांचा डोळा होता, कारीचे जेधे आणि उत्रवळीचे खोपडे. शेजारी, सोयरेधायरे आणि वैरी, हे तिन्ही नाते एकाच वेळी.

देशमुखी ही नुसती मानाची पगडी नव्हती. महसूल गोळा करून वर पोचवायचा, त्यातला ठरलेला हक्क घ्यायचा, शे-दोनशे माणसे हत्यारबंद ठेवायची, खोऱ्यातले तंटे गोतसभेत बसून सोडवायचे. हे सारे वंशपरंपरेने. आणि वंशपरंपरेने चालणाऱ्या हक्काला कागद लागतो, कागदाला नाव लागते. बापाचे, आज्याचे, गावाचे आणि कुळाचे. शेतावर राबणाऱ्या सामान्य कुणब्याला आडनावावाचून तीनचार पिढ्या सहज काढता येत. वतनदाराला मात्र ते परवडत नसे. तंटा उभा राहिला की ‘अमुक हा आमच्यापैकी नव्हे’ हे सिद्ध करण्याचे पहिले साधन आडनाव होते. मावळातील देशमुख घराण्यांची आडनावे इतक्या लवकर पक्की झाली त्याचे कारण हेच. ती अभिमानाने जपली गेली हे खरे असेल. भांडणामुळे जपली गेली हे त्याहून खरे आहे.

आता खुद्द ‘खोपडे’ या शब्दाकडे येऊ.

आडनावांच्या अखेरीस येणारा ‘ए’ हा बहुतेक वेळा आदरार्थी बहुवचनाचा असतो. एकटा तो जेधा, मानाने ते जेधे. एकटा तो खोपडा, मानाने ते खोपडे. गावात अजूनही ‘जेध्याचा मळा’, ‘खोपड्याची विहीर’ असे बोलले जाते तेव्हा मूळ एकवचन डोकावून जाते. खोपडा या शब्दात ‘खोप’ दिसतो. मोल्सवर्थच्या कोशापासून आजच्या बोलीपर्यंत खोप, खोपट, खोपा ही झोपडीची, आडोशाची, घरट्याची नावे आहेत. ‘डा-डे’ हा मराठीतला ओळखीचा प्रत्यय : चाम–चामडे, कात–कातडे. त्या चालीने खोप–खोपडे हे रूप सहज बसते. दुसरीकडे ‘खोपडी’ म्हणजे कवटी हाही शब्द आहेच, आणि मावळी रक्ताला तोच अधिक आवडणार. शत्रूची खोपडी फोडली म्हणून राजाने नाव दिले, अशी कथा अशा प्रत्येक आडनावाभोवती केव्हा ना केव्हा जन्म घेते. माझा कल झोपडीकडे आहे. रोहिडखोऱ्यातल्या पावसात रानात खोप बांधून राहणारा माणूस ही रोजची गोष्ट होती. कवट्या फोडणारा माणूस क्वचित. तरी एक सावधगिरी बाळगावी. ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळली असे होत नाही. सिन्नर तालुक्यात खोपडी नावाचे गाव आहे, कोकणच्या तोंडाशी खोपोली आहे. या सगळ्यांना एका दोरीत ओवून ‘आमचे मूळ अमुक’ असे जाहीर करणाऱ्यांपासून दोन हात दूर राहावे.

गावाच्या नावाचे मात्र जरा अधिक खात्रीने सांगता येते. उत्रवळीतील ‘वळी’ आणि उत्रोलीतील ‘ओली’ हे एकाच शेपटाचे दोन उच्चार आहेत. बोरिवली, डोंबिवली, कणकवली, दापोली यांच्या अखेरीस जी ‘वली-ओली’ आहे ती अभ्यासक ‘पल्ली’ म्हणजे वस्ती या जुन्या शब्दाशी जोडतात. ‘अव’चा ‘ओ’ होणे ही मराठीची जुनी खोड आहे. लवणाचे लोण तसेच झाले.

मग प्रश्न पडतो की, हे घराणे ‘उत्रवळीकर’ का झाले नाही? आडनाव म्हणून ‘कर’ लागतो तो बहुधा गाव सोडल्यावर. गावात राहणाऱ्या सगळ्यांनाच गावाचे नाव लावले तर ओळख कसली पटायची? पासलकरांचे पाहा. मोसे खोऱ्याचे देशमुख ते, पण पासली नावाचे गाव वेल्ह्याच्या बाजूला आजही आहे. नावावरून तरी ते तिकडून इकडे सरकलेले दिसतात. खोपडे मात्र जिथल्या तिथे राहिले. कागदात ‘उत्रवळीकर’ हे बिरुद त्यांना पत्त्यासारखे लागते, आडनाव म्हणून ते मुरले नाही.

आता १६५९. इथे घाई करू नये.

अफजलखान विजापुराहून निघाला तेव्हा आदिलशहाने मावळच्या देशमुखांना फर्माने धाडली. कान्होजी जेध्यांना आलेले १६ जून १६५९ चे फर्मान प्रसिद्ध आहे. खानाला सामील व्हा, नाही तर परिणाम भोगा, असा त्याचा रोख. लक्षात घ्या, कायद्याच्या चौकटीत पाहिले तर या सगळ्या देशमुखांचा धनी विजापूरचा बादशहा होता. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून पंधरा वर्षे होती. ज्या सनदेवर घर उभे ती सनद देणारा एकीकडे आणि तिशीच्या आतला, शहाजीराजांचा मुलगा दुसरीकडे. कान्होजी फर्मान घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले. हा निर्णय आपल्याला आज सोपा वाटतो, कारण १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. जूनमध्ये ते कोणालाच ठाऊक नव्हते.

खंडोजीने उलट निवड केली. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीवरून जेध्यांशी असलेला जुना दावा डोळ्यांपुढे ठेवला तर त्याचा हिशेब कळायला कठीण नाही. जेधे तिकडे, तर आपण इकडे. खान जिंकला तर सबंध खोरे आपले. खान मारला गेला आणि खंडोजी लपत फिरू लागला. परंपरेतली पुढची हकीकत अशी की, गुंजण मावळच्या हैबतराव शिळीमकरांच्या आधाराने तो राहिला, शिळीमकरांनी कान्होजी जेध्यांना भीड घातली आणि ज्या माणसाचा दावा थेट आपल्या घराशी होता त्याच्या जिवासाठी कान्होजींनी महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी जीव सोडला, पण एक हात व एक पाय कलम केला. कान्होजी रुसले. शब्द राखला आणि शिक्षाही केली, असे महाराजांनी त्यांना समजावले, असे ही हकीकत सांगते.

मी खंडोजीचे वकीलपत्र घेतलेले नाही. महाराजांच्या मरणावर त्याने आपला डाव लावला होता आणि तो हरला. पण ही हकीकत आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. ती मुख्यतः जेध्यांच्या कागदांतून आली. ‘जेधे करीना’ हा त्यातला महत्त्वाचा कागद. करीना म्हणजे वतनाची आणि घराण्याची मागची हकीकत, आपला हक्क कसा व केव्हापासून हे सांगण्यासाठी लिहिलेली. म्हणजे एका वतनाच्या दाव्यात वादीने दिलेली जबानी म्हणा ना. जेधे शकावली आणि करीना यांचे मोल अपार आहे. लोकमान्य टिळकांनी जेध्यांकडून शकावली मिळवली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती प्रसिद्ध झाली, म्हणून तर शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी चर्चेत आली. कागद उत्तम आहे. तरीही शेजारच्या घराविषयी तो बोलतो तेव्हा वाचणाऱ्याने आपली सावधगिरी जागी ठेवावी. खोपड्यांच्या बाजूचा असाच एखादा घसघशीत करीना शालेय पुस्तकांच्या लेखकांच्या हाती पडला असता, तर खंडोजी निर्दोष ठरला नसता, पण त्याच्याखेरीज या घराण्यातली आणखी चार माणसे आपल्याला माहीत असती.

आणि ज्यांची आडनावे आपण निष्ठेची म्हणून मिरवतो त्यांचे तरी काय?

त्याच करीन्यात कान्होजींच्या जन्माची गोष्ट आहे. त्यांचे वडील नाईकजी यांना सख्ख्या भावांनी मारले. तान्ह्या कान्होजीला देवजी महाल्याने वाचवले, आणि पुढे बाजी पासलकरांनी सांभाळले व आपली मुलगी सावित्री त्यांना दिली. म्हणजे स्वराज्यनिष्ठेचा मानदंड ठरलेल्या घराण्याच्या मुळाशी भाऊबंदकीचा खून आहे. पुढे संभाजी महाराजांच्या काळात याच घराण्यातली माणसे मोगलांकडे गेली आणि महाराजांनी सर्जेराव जेध्यांना चांगलेच खरमरीत पत्र धाडले. बांदलांचे याहून ठळक. आरंभीच्या काळात हिरडस मावळचे बांदल शिवाजी महाराजांच्या कारभाराला जुमानत नव्हते. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत बाजीप्रभूंच्या बरोबर जे लढले आणि मेले तेही बांदलांचेच लोक. त्यानंतर तलवारीच्या पहिल्या मानाचे पान जेध्यांकडून बांदलांकडे गेले, आणि कान्होजींनी ते आनंदाने जाऊ दिले, अशी आठवण दोन्ही घराण्यांत सांगितली जाते. एकाच आडनावात एका पिढीच्या अंतराने बंड आणि बलिदान दोन्ही आहेत. आपण बांदल म्हटले की घोडखिंड आठवतो आणि खोपडे म्हटले की फितुरी. ही निवड कागदांनी केलेली नाही, आपण केलेली आहे.

आता गणित. हा भाग मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे.

खंडोजीच्या काळापासून आजपर्यंत साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर ढोबळ चौदा पिढ्या. चौदा पिढ्यांमागे प्रत्येक माणसाला किती पूर्वज? दोन आई-बाप, चार आजी-आजोबा, आठ पणजे-पणज्या... असे दुप्पट करत चौदाव्या पायरीवर १६,३८४ जागा भरतात. आडनाव यातल्या एकाच जागेवरून, बापाकडून बापाकडे, खाली येते. उरलेल्या १६,३८३ जागांचा आडनावात मागमूसही नसतो. अर्थात त्या सगळ्या जागा वेगवेगळ्या माणसांनी भरलेल्या नाहीत. पाच-सहा खोऱ्यांच्या परिसरातच सोयरिकी होत असल्याने तेच तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येतात. पण त्याचाच अर्थ पुढे काय होतो पाहा. एका कुळात लग्न होत नाही. खोपड्यांची प्रत्येक मुलगी खोपडे नसलेल्या घरात गेली. जेध्यांत, बांदलांत, शिळीमकरांत, मरळांत, आणि आडनावे सांगत बसलो तर हा धागा संपणार नाही. खोपड्यांच्या प्रत्येक घरात सून आली ती दुसऱ्या आडनावाची. चौदा पिढ्या हे चालले. तेव्हा भोर-वेल्ह्याचा कोणी जेधे किंवा बांदल आज एखाद्या खोपड्याला ‘खंडोजीचा वंशज’ म्हणून हिणवत असेल, तर त्याच्या स्वतःच्या सोळा हजार जागांपैकी एखादीत उत्रवळीचे रक्त बसले असण्याचा संभव चांगला दांडगा आहे. आणि समोरचा खोपडे हा कान्होजींचाही नातू-पणतू असू शकतो, आईच्या आईच्या आईकडून. आडनावाने वंश मोजणे म्हणजे नदीचे पाणी एका ओहोळावरून ओळखणे.

इंग्लंडात या विषयाचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे, म्हणून थोडे तिकडे डोकावू. १८७३ साली फ्रान्सिस गाल्टनने गणितज्ञांना एक कोडे घातले : मोठमोठ्या घराण्यांची आडनावे नाहीशी का होतात? हेन्री वॉटसन या गणितज्ञाने ते सोडवायला घेतले आणि १८७४ साली दोघांनी ते मांडले. कारण अगदी साधे आहे. आडनाव फक्त मुलगे पुढे नेतात. एखाद्या पिढीत मुलगे झाले नाहीत की ती शाखा नावापुरती संपते, मग लेकींची लेकरे शंभर का असेनात. सामान्य आडनावाला अशा शाखा हजारो असतात, दुर्मीळ आडनावाला मोजक्या. दुर्मीळ आडनाव म्हणूनच नेहमी काठावर उभे असते.

पुढे जनुकशास्त्राने दुसरी बाजू उजेडात आणली. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आणि आडनाव यांची वाट एकच. २००९ साली टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटनमधल्या ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावात एकसारखेपण सापडले नाही, कारण गावोगावचा लोहार स्मिथ झाला. आडनाव जितके दुर्मीळ तितके त्यातल्या पुरुषांचे वाय गुणसूत्र एका मुळाकडे जाण्याची शक्यता अधिक. तिथेही सगळे जुळत नाहीत. दत्तक, आईचे आडनाव लावणारे, घरजावई, विवाहाबाहेरची संतती यांची भेसळ असतेच. या अभ्यासाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, बघा, खोपडे दुर्मीळ, म्हणजे सगळे एका मुळाचे. इथेच थांबावे. ही घाई महाराष्ट्रात चालत नाही.

का चालत नाही ते सांगतो. आपल्याकडे एकच आडनाव अनेक जातींत असते. जाधव, मोरे, पवार, गायकवाड घ्या. मराठा, महार, धनगर, माळी, कितीतरी समाजांत ही आडनावे आहेत. ती एका पुरुषापासून फुटलेली नाहीत. शिवाय ती दूरदूरच्या प्रदेशांत स्वतंत्रपणे उपजतात. खोपडे हे आडनाव भोरच्या खोऱ्यापुरते नाही. नागपूर पूर्वचे आमदार कृष्णा खोपडे आहेत. उत्रोलीपासून नागपूर सातशे किलोमीटरच्या पुढे. ‘खोप’ हा शब्द साऱ्या मराठी मुलखाचा, तेव्हा त्यावरून पडणारे नावही कुठेही पडू शकते. नकाशावर दोन ठिपके दिसले की त्यांच्यामध्ये रेघ ओढायचा मोह आवरावा.

दुसरी अडचण मोजणीची. १८८१ साली ब्रिटनमध्येही जनगणना झाली आणि हिंदुस्थानातही. तिकडे घरोघरच्या नावनिशीच्या वह्या जपल्या गेल्या, शंभर वर्षांनी खुल्या झाल्या, आणि आज प्रत्येक आडनावाचा १८८१ चा नकाशा काढता येतो. आपल्या जनगणनेचे तक्ते छापले गेले, त्यांत जाती आल्या, धंदे आले, भाषा आल्या. आडनावांचा तक्ता आला नाही. म्हणून ‘महाराष्ट्रात अमुक हजार खोपडे आहेत’ असे संकेतस्थळांवर जे आकडे फिरतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. त्यातून आणखी एक गुंता आहे. देशमुखी गेली तरी ‘देशमुख’ राहिले. मुंबई राज्यातली परगणा वतने १९५० च्या कायद्याने संपली, पण अनेक वतनदार घराण्यांनी मूळ आडनाव मागे टाकून हुद्दाच आडनाव म्हणून लावला. मराठीत हजारो देशमुख आहेत आणि प्रत्येक देशमुखाच्या पोटात एखादे जुने आडनाव झोपलेले आहे. मतदार यादीत खोपडे मोजले तर देशमुख झालेले निसटतात, आणि देशमुख मोजले तर कोणाचे कोण ते कळत नाही. पाटील, कुलकर्णी, देशपांडे यांचेही तेच.

विखुरण्याची कारणेही नीट पाहावीत. वतन असेपर्यंत घर जमिनीला बांधलेले असते. वाटण्या होत होत पाचव्या-सहाव्या पिढीला हाती येतो तो नुसता मान. मग माणसे उठतात. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर मावळातली घरे बडोद्याला, ग्वाल्हेरला, इंदूरला गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या गिरण्या. नंतर पुणे-पिंपरीचे कारखाने. मधे १९२८ साली भाटघरचे मोठे धरण पूर्ण झाले आणि वेळवंडी नदीचे खोरे पाण्याखाली गेले. पुढे नीरा-देवघर आणि गुंजवणीची धरणे झाली. एका खोऱ्याचे एक आडनाव हा शिवकालीन नकाशा तेव्हापासून उसवतच गेला.

तरीही ज्याला आपल्या आडनावाची खरी कुंडली मांडायची आहे त्याच्यासाठी साधने आहेत, आणि ती इंग्लंडच्या वह्यांपेक्षा कमी रसाळ नाहीत. सातबारा आणि जुने फेरफार. प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर. जन्ममृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक. पुणे पुरालेखागारातले पेशवे दफ्तर. भोर हे पंतसचिवांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्याचे कागद वेगळे. आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, जेजुरी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या. त्यांत गाव आणि आडनाव सांगितले की पाच-सात पिढ्यांची नावे निघतात, कधी सोबत आलेल्या बायकामुलांचीही. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. त्या धांदलीत कित्येक घरांनी आपल्या खापरपणज्याचे नाव पहिल्यांदा पाहिले. ज्यांना मोडी येत नाही त्यांनी शिकावी. दोन-तीन महिन्यांत हात बसतो.

हे सारे आजच सांगायचे कारण म्हणजे आडनावावरून होणारे वाद आता करमणुकीपुरते उरलेले नाहीत. २०२५ साली ‘छावा’ चित्रपट आला आणि गणोजी व कान्होजी यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली. दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रपटात आडनाव वा गाव घेतलेले नाही असे सांगितले. दोन्ही बाजूंनी एक गृहीत धरले होते, की तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे कृत्य त्या आडनावाच्या आजच्या माणसाला चिकटते. ते गृहीतच मला मान्य नाही. ते मान्य नसेल तर वंशजांना पुरावा नाकारण्याची गरज उरत नाही आणि लेखकाला माफी मागण्याची. गणोजीविषयी, खंडोजीविषयी कागद काय म्हणतात ते मोकळेपणाने बोलता येते. आडनावावरचा भार हटला की इतिहास उलट अधिक कठोर होऊ शकतो.

आणि हाच नियम पराक्रमालाही लावावा लागेल, ही गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना रुचणार नाही. ज्याला खंडोजीचा डाग आडनावावरून पुसायचा आहे त्याला घोडखिंडीचे तेजही आडनावावर मागता येणार नाही. परिचयात ‘अमुक सरदारांचा तेरावा वंशज’ असे लिहिणाऱ्यांनी सोळा हजार जागांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

याच आडनावाचा एक माणूस मला या चर्चेत हटकून आठवतो. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी गल्लीगल्लीत हिंदू-मुसलमान रहिवासी आणि पोलीस यांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यांच्या बैठका नेमाने चालवल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा पन्नासेक किलोमीटरवरची भिवंडी शांत राहिली. या कामाचे श्रेय त्या अधिकाऱ्याचे, समित्यांत रात्र-रात्र बसलेल्या माणसांचे. उत्रोलीच्या देशमुखीचे त्यात काही नाही, आणि कोणी ते जोडू पाहील तर त्यालाही मी हेच गणित दाखवीन.

ज्या कोणाच्या घरी भोर-वेल्ह्याकडचे जुने कागद असतील त्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. दमट हवेत शाई उतरते. सुती कापडात बांधावेत, भ्रमणध्वनीवर दिवसाउजेडी छायाचित्रे काढून ठेवावीत आणि मोडी वाचणाऱ्या कोणा जाणत्याला दाखवावेत. पुढचा धागा गुंजण मावळच्या शिळीमकरांवर.